केबल काढायची का? त्याआधी घरात एवढं तपासा

केबल बंद करून सगळं इंटरनेटवर बघायचं का, हा विषय घरात बहुतेक वेळा बिल आलं की निघतो आणि बिलाभोवतीच फिरत राहतो. एकीकडे केबलचा आकडा, दुसरीकडे दोन-तीन ॲपच्या वर्गणीचा आकडा, आणि जो लहान दिसेल तिकडे कौल. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उत्साहाने केबल काढून महिन्याभरात ती परत जोडून घ्यावी लागते, तेव्हा अडचण पैशांची क्वचितच असते. सामना ऐन रंगात आला की चित्र अडकतं, आजोबांना त्यांच्या बातम्या सापडत नाहीत, आतल्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत वायफाय धड पोहोचत नाही, अशी कारणं असतात. ही सगळी कारणं केबल असतानाच, एक पैसाही जादा न घालवता तपासता येतात.

तार तीच, पद्धत वेगळी

केबलच्या तारेतून सगळ्या वाहिन्या साधारणपणे एकाच वेळी घरापर्यंत येत असतात. रिमोटवर नंबर दाबला म्हणजे आपण काही मागवत नाही. दारात जे आधीच येऊन थांबलेलं आहे त्यातलं एक सेटटॉप बॉक्स उचलून दाखवतो. म्हणून तीच वाहिनी आजूबाजूच्या शंभर घरांत लागलेली असली तरी आपलं चित्र बिघडत नाही.

स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक पडद्यासाठी सर्व्हरवरून स्वतंत्र प्रवाह निघतो. घरात तीन टीव्हींवर एकच सामना लावला तर तो तीनदा डाउनलोड होतो. आणि हा प्रवाह अखंड धारेसारखा नसतो. व्हिडिओचे दोन ते दहा सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांत तयार ठेवलेला असतो. टीव्हीवरचं ॲप एकेक तुकडा मागवतं, तो उतरायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून पुढचा तुकडा भारी दर्जाचा मागवायचा की हलक्या, ते ठरवतं. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत आणि २०१२ मध्ये प्रमाणित झालेली एमपेग-डॅश, दोन्हींचं तत्त्व हेच. नेट मंदावलं की आधी चित्र धूसर होतं ते यामुळेच. ॲपने पुढचे काही तुकडे साठवून ठेवलेले असतात. तेही संपले की मगच ती चकरी फिरू लागते.

म्हणजे चकरी दिसली की दोष नेहमी ‘नेट स्लो’ एवढाच नसतो. सरासरी वेग उत्तम असूनही मध्येच वीस-तीस सेकंद नेट दबत असेल, तर थेट प्रक्षेपणात चकरी दिसणारच, कारण तिथे साठा फार लहान ठेवलेला असतो. चित्रपटात तोच खड्डा कळतही नाही.

एक वही, दोन आठवडे

घरात काय बघतात हे सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं. लिहून काढलं की चित्र वेगळंच निघतं. टीव्हीजवळ एक वही ठेवा आणि दोन आठवडे चार गोष्टी टिपा: वेळ, काय लावलं, कोण बघत होतं, आणि ते त्याच वेळी बघणं गरजेचं होतं का. एका संध्याकाळचं पान साधारण असं दिसेल:

७ ते ७.३०, बातम्या, आजोबा, त्याच वेळी.
७.३० ते ८.३०, मालिका, आई आणि आजी, दुसऱ्या दिवशी चालली असती.
८.३० ते ९.१५, टीव्ही चालू पण बघत कोणी नव्हतं.
९.१५ ते ११, सामना, तिघं, त्याच वेळी.

शेवटच्या रकान्यात निर्णय दडलेला आहे. ‘दुसऱ्या दिवशी चाललं असतं’ अशा नोंदी जास्त असतील तर केबल हलवायला हरकत नाही. त्या कामात स्ट्रीमिंग केबलपेक्षा सरसच आहे. ‘त्याच वेळी’ अशा नोंदी जास्त असतील तर सावकाश. आणि ‘बघत कोणी नव्हतं’ या नोंदी वेगळ्या काढा. घरात आवाज असावा म्हणून टीव्ही चालू ठेवायची सवय केबलवर काही मागत नाही, पण इंटरनेटवर तोच वेळ डेटा खात राहतो.

वहीची एक मर्यादा आहे. खेळाचा मोसम नसेल तर दोन आठवडे शांत दिसतात आणि मग दोन महिन्यांनी स्पर्धा सुरू झाली की हातात काहीच नसतं. म्हणून वर्षभरातल्या ज्या स्पर्धा घर चुकवत नाही त्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकीचं प्रक्षेपण सध्या कोणाकडे आहे ते बघा. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेनुसार आणि देशानुसार वेगळे विकले जातात, ठरावीक वर्षांसाठी असतात, आणि टीव्हीचे एकाकडे, डिजिटलचे दुसऱ्याकडे असंही होतं. ‘खेळांचं ॲप घेतलं म्हणजे सगळे खेळ आले’ हा या बाबतीतला सगळ्यात मोठा गैरसमज. नाव घेऊन, एकेक स्पर्धा तपासा.

सामना अर्धा मिनिट उशिरा का येतो

थेट सामना बघणाऱ्यांनी हे समजूनच पुढे जावं. एचएलएससाठी ॲपलची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्यांची आहे आणि नेहमीच्या पद्धतीत ॲप सुरुवातीला तीन तुकडे हाताशी घेऊन मगच चित्र सुरू करतं. इथेच अठरा सेकंद गेले. त्यात व्हिडिओ निरनिराळ्या दर्जांत तयार करायचा वेळ आणि जगभरच्या सर्व्हरवर पोहोचवायचा वेळ मिळवा. अर्धा मिनिट सहज होतो, कधी त्याहून जास्त. केबलही पूर्णपणे ताजी नसते, पण तिचा उशीर बहुतेक वेळा काही सेकंदांत मोजला जातो.

याचा त्रास कसा होतो? शेजारून आरडाओरडा आधी ऐकू येतो. फोनवर स्कोअरची सूचना आधी येते. घरातल्याच दोन खोल्यांतले टीव्ही पंधरा-वीस सेकंदांच्या फरकाने चालतात, कारण प्रत्येक यंत्राने आपापला साठा वेगळा केलेला असतो. यावर पूर्ण इलाज नाही, पण काही गोष्टी करता येतात. सामन्यापुरत्या फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद ठेवा. ॲपमध्ये कमी विलंबाचा पर्याय असेल तर तो निवडा. मात्र साठा लहान झाल्यामुळे नेट डळमळीत असेल तर चित्र जास्त अडकेल. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलंत तर तेवढा वेळ मागे राहता, म्हणून नंतर ‘लाईव्ह’चं बटण दाबून पुढे या.

आणखी एक, जी फार कमी लोक बघतात. वेगवान खेळात सेकंदाला ५० किंवा ६० चित्रं दाखवली तर चेंडू सलग जाताना दिसतो. २५ किंवा ३० दाखवली तर तो टप्प्याटप्प्याने उडी मारत गेल्यासारखा दिसतो. काही ॲप कमी वर्गणीत किंवा जुन्या यंत्रावर हा कमी दरच देतात. वर्गणी भरण्याआधी एखादा सामना मोफत चाचणीत किंवा ओळखीच्या घरी त्याच ॲपवर बघा, आणि कॅमेरा मैदानावर आडवा फिरतो तेव्हा कडा गुळगुळीत राहतात का याकडे लक्ष ठेवा.

नेट किती लागतं, आणि ते मोजायचं कुठे

आधी एककांचा घोळ. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या, जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात. यात फसवणूक काही नाही, एकक वेगळं आहे.

नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस अशी आहे: ७२०पी (साधं एचडी) साठी ३ एमबीपीएस, १०८०पी (पूर्ण एचडी) साठी ५, आणि ४के (त्याहून बारीक चित्र) साठी १५. हे आकडे एका पडद्याचे. एका वेळी दोन टीव्ही पूर्ण एचडीवर आणि एक ४के वर चालू असेल तर ५ अधिक ५ अधिक १५, म्हणजे २५ एमबीपीएस फक्त चित्रासाठी. त्यावर फोन, लॅपटॉप, व्हिडिओ कॉल, कॅमेरे. आमचा सल्ला साधा आहे: जेवढी बेरीज येईल त्याच्या दुप्पट वेग टीव्हीपाशी मिळायला हवा, तोही दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी.

डेटाचा हिशेब याच आकड्यांतून निघतो. १५ एमबीपीएसने तासभर, म्हणजे ३,६०० सेकंद, चित्र आलं तर ५४,००० मेगाबिट होतात. आठने भागा: ६,७५० मेगाबाइट, पावणेसात जीबी. नेटफ्लिक्सही ४के साठी तासाला सात जीबीपर्यंत आणि एचडीसाठी तीन जीबीपर्यंत खर्च सांगतं. घरात रोज एकूण पाच तास एचडी बघितलं जात असेल तर रोजचे पंधरा आणि महिन्याचे ४५० जीबी. हेच पाच तास ४के वर गेले तर हजाराच्या पुढे. केबल असताना यातला मोठा भाग इंटरनेटवर नव्हताच, त्यामुळे आजवर पुरलेली डेटाची मर्यादा उद्या पुरेलच असं नाही. जोडणीच्या अटींमध्ये मर्यादा किती आहे आणि ती ओलांडल्यावर वेग किती उतरतो, हे दोन आकडे शोधून काढा. वेग १ एमबीपीएसवर आला तर महिन्याचे शेवटचे दिवस टीव्ही बंदच समजा.

आता मोजणी. राउटरशेजारी उभं राहून सकाळी दहा वाजता घेतलेल्या स्पीड टेस्टचा या निर्णयात काहीच उपयोग नाही. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा, टीव्हीच्या अगदी मागे फोन धरा, आणि रात्री आठ ते अकरा या वेळेत चाचणी घ्या. पाच दिवस, रोज तीनदा. पंधरा आकडे मिळतील. त्यांची सरासरी काढू नका, सगळ्यात खालचा आकडा धरा. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेलं फास्ट डॉट कॉम त्यांच्याच सर्व्हरवरून वेग मोजतं, त्यामुळे व्हिडिओ प्रत्यक्षात ज्या वाटेने येणार त्या वाटेचा अंदाज येतो. एखादी चाचणी त्यावर आणि एखादी दुसरीकडे घ्या. दोन्हींत सतत मोठा फरक पडत असेल तर अडचण घरातल्या वायफायपेक्षा बाहेरच्या वाटेवर असण्याची शक्यता जास्त.

शेवटचे पंधरा फूट

आमच्या मते स्ट्रीमिंगच्या निम्म्याहून अधिक तक्रारी राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या हवेत असतात.

राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंतीपलीकडे लांब जाते, पण तिच्यात गर्दी फार. त्या पट्टीवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि इमारतीतली सगळी घरं त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेली. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीच्या आसपास काम करतो. जेवण गरम करायच्या वेळी चित्र अडकत असेल तर कारण शोधायला लांब जायला नको. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आणि मोकळी, पण जाड भिंत आली की दमते. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील, किंवा मध्ये एखादीच भिंत असेल, तर टीव्ही ५ वरच जोडा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर टीव्ही कधी कधी २.४ धरून बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नावं वेगळी केली की हा प्रश्न मिटतो.

राउटर कपाटात, जमिनीवर, टीव्हीच्या पाठीमागे किंवा माशांच्या टाकीजवळ ठेवू नका. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. उंचावर, उघड्यावर, घराच्या साधारण मध्यावर ही त्याची जागा.

या सगळ्यापेक्षा उत्तम म्हणजे तार. शक्य असेल तिथे टीव्हीला लॅन केबल लावा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि वायफायवर त्याहून मोठा आकडा दिसतो, म्हणून लोक तार काढून टाकतात. ४के ला १५ लागतात. तारेतले स्थिर १०० हे हवेतल्या वर-खाली होणाऱ्या २०० पेक्षा कितीतरी बरे. तार ओढणं शक्य नसेल तर मेश राउटर (घरभर ठेवलेले, एकच जाळं करणारे दोन-तीन राउटर) बघा. स्वस्त रिपीटर शेवटचा पर्याय ठेवा, कारण एकाच रेडिओवर ऐकणं आणि पुढे पाठवणं दोन्ही करणाऱ्या रिपीटरवर वेग साधारण निम्मा होतो.

एक दोष मात्र वेगाच्या चाचणीत सहज दिसत नाही. रात्री फोनमधले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढत असतात आणि अपलोडची वाट तुंबते. व्हिडिओचा प्रत्येक तुकडा मिळाला की यंत्राला त्याची पोच उलट पाठवावी लागते, आणि ती पोचच रांगेत अडकते. समोरचा सर्व्हर पोच येईपर्यंत हात आखडता घेतो. डाउनलोड मोकळं असूनही चित्र अडकतं. अशा वेळी बॅकअपची वेळ पहाटेवर टाका, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर तिथे अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घाला.

टीव्हीतलं ॲप, स्टिक की बॉक्स

स्मार्ट टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो, त्यातलं सॉफ्टवेअर तेवढं टिकत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर आणि स्ट्रीमिंग यंत्रांवर चालणं बंद केलं. टीव्ही धडधाकट होते, ॲप तेवढं गेलं. असं झालं किंवा टीव्हीचा मेनूच रखडत चालायला लागला तर टीव्ही बदलायची गरज नाही. एचडीएमआयमध्ये बसणारी स्टिक किंवा बॉक्स लावला की काम भागतं.

स्टिक लावताना तीन चुका नेहमी होतात. पहिली, तिला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देणं. यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतो आणि बऱ्याच स्टिकना एक अँपिअर लागतो. स्टिक सुरू होते, मेनू दिसतो, आणि भारी व्हिडिओ लागला की आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते. सोबत आलेला ॲडॅप्टरच भिंतीत लावा. दुसरी, स्टिक टीव्हीच्या पाठीला थेट खुपसणं. तिथे ती तापते आणि टीव्हीचं धातूचं अंग वायफाय अडवतं. खोक्यात छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर मिळते, ती याचसाठी असते. तिसरी चूक ४के चं यंत्र कोणत्याही एचडीएमआय पोर्टला लावण्याची. ४के च्या संरक्षित व्हिडिओला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी व्यवस्था) असलेला पोर्ट लागतो, आणि काही टीव्हींवर तो एक किंवा दोनच असतात. चुकीच्या पोर्टवर चित्र १०८०पी वर उतरतं किंवा काळा पडदा आणि चूक दाखवणारा संदेश येतो.

अनोळखी नावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेताना जपून. व्हिडिओची चोरी होऊ नये म्हणून अँड्रॉइडवर वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था असते. तिची एल१ पातळी असेल तर एचडी आणि ४के मिळतं. एल३ असेल तर मोठ्या सेवा त्या यंत्राला साध्या एसडी दर्जाचंच चित्र देतात, मग खोक्यावर ‘४के’ किती का मोठं छापलेलं असेना. विकत घेण्याआधी ही पातळी विचारा. विक्रेत्याला सांगता आली नाही तर तो बॉक्स सोडून द्या.

यंत्राच्या सेटिंगमध्ये आणि टीव्हीच्याही सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा. टीव्ही कंपन्या त्याला आपापली वेगळी नावं देतात. ते चालू असलं की एकाच रिमोटने टीव्ही सुरू होतो, आवाज बदलतो आणि योग्य इनपुटही आपोआप लागतं.

ज्यांना नंबर पाठ आहेत त्यांचं काय

तीस वर्षं नंबर दाबून वाहिनी लावणाऱ्या माणसाला चौकोनी चित्रांच्या भिंतीसमोर बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो टाळता येतो. त्यांच्या रोजच्या दोन-तीन ॲप मुख्य पडद्यावर पहिल्या रांगेत आणा, बाकीची खाली ढकला किंवा काढून टाका. ज्या ॲपमध्ये वाहिन्यांची नेहमीसारखी यादी आहे आणि शेवटची वाहिनी आपोआप सुरू होते, असं ॲप त्यांच्यासाठी निवडा. जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत थेट वाहिन्यांची ॲपही आता बरीच आहेत आणि त्यांची मांडणी केबलसारखीच असते. मोठी बटणं असलेला रिमोट घ्या. आवाजाने शोधायची सोय असेल तर वाहिनीचं नाव कसं उच्चारायचं ते दोन-तीनदा त्यांच्याकडूनच म्हणवून घ्या; करून दाखवल्याने ते लक्षात राहत नाही, स्वतः केल्याने राहतं. लहान मुलांसाठी वेगळं प्रोफाइल आणि खरेदीवर पिन, हे पहिल्याच दिवशी.

एवढं करूनही त्या माणसाला जमलं नाही, तर केबलची लहानात लहान योजना ठेवणं हाच बरोबर निर्णय आहे असं आम्ही म्हणू. टीव्ही हीच ज्याची दिवसभराची सोबत आहे, त्याची सोय वर्गणीतल्या बचतीपेक्षा मोठी.

वीज आणि नेट जाण्याचाही विचार इथेच करावा. केबल काढल्यावर बातम्या, करमणूक, व्हिडिओ कॉल सगळं एका जोडणीवर येतं. ती गेली की सगळं एकदम जातं. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेऊन ठेवा. राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट यूपीएसच्या व्होल्टशी तंतोतंत जुळले पाहिजेत, बहुधा १२ असतात. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्यालाही वीज लागते, त्याला विसरू नका. जिथे हवेतून मोफत डिजिटल प्रक्षेपण होतं तिथे साधा अँटेना लावून ठेवणंही शहाणपणाचं, कारण त्याला नेट लागत नाही आणि थेट चित्र जवळजवळ केबलइतकंच ताजं येतं.

पैसे, आता

केबल आणि इंटरनेट एकाच कंपनीकडून असेल तर आधी एवढंच विचारा: टीव्ही काढल्यावर नुसत्या इंटरनेटचा दर काय? जोडीची सवलत गेल्यावर नेट महागतं, आणि कागदावरची बचत इथेच अर्धी होऊ शकते. मग ॲपच्या योजना बघा. एका वेळी किती पडदे, ४के कोणत्या योजनेत, जाहिराती आहेत की नाहीत. नातेवाइकांचा पासवर्ड हिशेबात धरू नका. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये घराबाहेरच्या वापरावर मोठ्या प्रमाणात निर्बंध आणले आहेत.

सगळ्या सेवा बाराही महिने चालू ठेवल्या तर केबलपेक्षा बिल वाढेल, यात शंका नाही. एक सेवा कायमची ठेवा आणि बाकीच्या आळीपाळीने एकेक महिना घ्या. वर्गणी घेतल्याच दिवशी तिचं आपोआप होणारं नूतनीकरण रद्द करा. बहुतेक सेवा भरलेला महिना पूर्ण होईपर्यंत चालूच राहतात. आणि वर्गणी जिथून घेतली तिथूनच रद्द करावी लागते. फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलेली सेवा तिच्या वेबसाइटवरून बंद होत नाही, नुसतं ॲप काढून टाकल्याने तर नाहीच.

तोडण्याआधीचे पंधरा दिवस

केबल लगेच बंद करू नका. सेटटॉप बॉक्सचा प्लग काढा, बॉक्स कपाटात ठेवा, जोडणी तशीच राहू द्या, आणि पंधरा दिवस फक्त नेटवर काढा. या दिवसांत बॉक्स किती वेळा बाहेर काढावा लागला आणि कशासाठी, ते त्याच वहीत लिहा. एकदाही नाही लागला तर पुढे जा. प्रत्येक वेळी एकाच कारणासाठी लागला असेल तर त्या एका कारणावर उपाय मिळतो का ते बघा.

पुढे जाताना काही गोष्टी हातून निसटतात. बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेले कार्यक्रम बहुधा त्याच बॉक्सच्या कुलपात असतात, दुसरीकडे चालत नाहीत. बघायचे राहिले असतील ते आधी बघून घ्या. काही वाहिन्यांची ॲप केबलच्या लॉगिनवर चालतात, जोडणी गेली की तीही बंद होतात. केबल कंपनीने दिलेला ईमेल पत्ता बँकेत किंवा इतरत्र दिलेला असेल तर तो आधी बदला. कराराची मुदत संपायला किती दिवस आहेत ते विचारा, कारण मध्येच सोडल्यास दंड असू शकतो आणि कधी महिनाभर थांबणं स्वस्त पडतं. बॉक्स, रिमोट आणि ॲडॅप्टर परत करताना बॉक्सच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका.

इंटरनेटही त्याच गोल कोॲक्सियल तारेतून येत असेल तर माणूस तार काढायला आल्यावर घरी थांबा. टीव्हीसाठी लावलेला स्प्लिटर (एका तारेच्या दोन वाटा करणारा तुकडा) काढून मॉडेम थेट मुख्य तारेला जोडून घ्या. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साडेतीन डेसिबलच्या आसपास सिग्नल खातो, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच, आणि तो गेल्यावर कमकुवत जोडणीत फरक जाणवतो. स्प्लिटर ठेवावाच लागला तर त्याचं रिकामं तोंड उघडं सोडू नका, ७५ ओहमची टोपी बसवा. उघड्या तोंडातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि तो मॉडेमला त्रास देतो. माणूस जाण्याआधी मॉडेमचे दिवे स्थिर झाले का ते बघा, आणि त्याच रात्री टीव्हीच्या मागे फोन धरून पुन्हा तीन चाचण्या घ्या.